पाच मिलिग्रॅम पिवळी भुकटी: अमिनोइथाइल-एफएडी विकत घेतल्याचा अनुभव

एन-६-अमिनोइथाइल-एफएडी. नाव लांबलचक, वस्तू चिमूटभर. साखर मोजणाऱ्या एन्झाइमला थेट इलेक्ट्रोडशी जोडायला हा रेणू लागतो. पाच मिलिग्रॅमला जेवढे पैसे पडले ते माझ्या महिन्याच्या फेलोशिपपेक्षा, म्हणजे ४२,००० रुपयांपेक्षा, जास्त होते. पैसे प्रोजेक्टच्या ग्रँटमधून गेले, पण इंडेंट, म्हणजे खरेदीचा मागणीअर्ज, मी भरला होता आणि वाया गेलं असतं तर उत्तर मलाच द्यावं लागलं असतं. मे महिन्यात पहिली व्हायल आली ती बिघडलेली. जूनअखेर दुसऱ्या आल्या त्या उत्तम. आता ऑक्टोबर चालू आहे आणि या चार महिन्यांत त्या भुकटीवर भरपूर काम झालंय. ऑर्डर देण्याआधी मराठीत सोडाच, इंग्रजीतही कुणी वापरणाऱ्याने मोकळेपणाने लिहिलेलं मला सापडलं नव्हतं. म्हणून हे लिहिते आहे. घ्यावी का, असं कुणी विचारलं तर माझं उत्तर हो. फक्त व्हायल हातात पडल्यापासून तासाभरात ती तपासायची तयारी ठेवून घ्या.

विकणाऱ्याचं नाव लिहीत नाही. लहान कंपनी आहे, मागणीप्रमाणे रेणू बनवून देते, आणि बिघाड त्यांच्याकडे झाला नाही, वाटेत झाला.

ज्यांचा या विषयाशी संबंध नाही त्यांच्यासाठी आधी थोडं. बी-कॉम्प्लेक्सची गोळी घेतली की लघवी गर्द पिवळी होते, हे सगळ्यांना माहीत असतं. तो रंग रायबोफ्लेविनचा, म्हणजे बी-२ जीवनसत्त्वाचा. त्याच रायबोफ्लेविनला दोन फॉस्फेटांच्या दुव्याने ॲडेनोसिन जोडलं की झालं एफएडी. काळ्या बुरशीतून, ॲस्परजिलस नायजरमधून, मिळणारं ग्लुकोज ऑक्सिडेज हे एन्झाइम आपल्या दोन्ही अर्ध्यांत एकेक एफएडी घट्ट धरून असतं. ग्लुकोजचे दोन इलेक्ट्रॉन ते एफएडी उचलतं आणि ऑक्सिजनला देतं, त्याचं हायड्रोजन पेरॉक्साइड होतं. १९६२ साली लेलंड क्लार्क आणि लायन्स यांनी हे एन्झाइम ऑक्सिजन मोजणाऱ्या इलेक्ट्रोडवर बसवून साखर मोजण्याची कल्पना मांडली, तिथून हा सगळा प्रवास सुरू झाला.

माझ्या बाबांना मधुमेह होऊन १९ वर्षं झाली. डोंबिवलीच्या घरात स्वयंपाकघराच्या खिडकीत त्यांची पट्ट्यांची डबी असते, सकाळी चहाच्या आधी बोटाला टोचणी. अशा पट्ट्यांमध्ये एन्झाइमकडून इलेक्ट्रॉन उचलून इलेक्ट्रोडपर्यंत पोचवायला एक छोटा निरोप्या रेणू मिसळलेला असतो. १९८४ मध्ये ऑक्सफर्ड-क्रॅनफिल्डच्या मंडळींनी फेरोसीन हा निरोप्या वापरून दाखवला आणि त्यातूनच १९८७ मध्ये पेनाएवढं ग्लुकोमीटर बाजारात आलं. निरोप्या लागतो कारण एफएडी प्रथिनाच्या फार आत बसलेलं असतं, पृष्ठभागापासून नॅनोमीटरहून जास्त खोल. इलेक्ट्रॉनला उडी मारायची तर अंतर थोडं वाढलं तरी वेग कितीतरी पटींनी पडतो. मूर्ती गाभाऱ्यात आणि विजेची तार सभामंडपात, अशी परिस्थिती.

यावरची एक तोड मला आजही थक्क करते. एन्झाइममधून एफएडी बाहेर काढायचं. मग इलेक्ट्रोडवर आधी दुसरं एफएडी पक्कं बसवायचं आणि ते रिकामं एन्झाइम त्याच्याभोवती परत मिटू द्यायचं. म्हणजे आधी मूर्ती तारेला जोडायची आणि नंतर तिच्याभोवती गाभारा उभा करायचा. पण साध्या एफएडीला धरायला सोयीची मूठ (दांडा) नाही. जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगच्या ब्युकमान यांनी ॲडेनिनच्या, म्हणजे ॲडेनोसिनकडच्या, बाजूला दोन कार्बनांची छोटी मूठ आणि टोकाला अमाइन (जोडणीला उपयोगी पडणारा नायट्रोजनचा गट) असलेलं एफएडी तयार केलं. फ्लेविनची, म्हणजे रायबोफ्लेविनकडची, बाजू तशीच, म्हणून एन्झाइम त्याला ओळखतं. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात इतामार विल्नर यांच्या गटाने १९९५-९६ मध्ये हे सोन्यावर करून दाखवलं. २००३ मध्ये त्यांनीच मधे १.४ नॅनोमीटरचा सोन्याचा कण घातला, तेव्हा एन्झाइमचा एकेक रेणू सेकंदाला सुमारे ५,००० इलेक्ट्रॉन देऊ लागला. नैसर्गिक ऑक्सिजनबरोबर हा आकडा ७००च्या आसपास असतो. हे मी एमएस्सीला असताना वाचलं होतं आणि तेव्हाच ठरवलं होतं की हे एकदा हाताने करून बघायचं.

स्वतःच का बनवलं नाही, असं आमच्या मॅडमनी पहिल्यांदा विचारलं होतं. कारण ती मूठ लावायला एथिलीनइमाइन लागतं. ते उडून जाणारं, अत्यंत विषारी आणि कर्करोगकारक द्रव आहे. आमच्या लॅबमधला फ्यूम हूड, म्हणजे विषारी वाफा ओढून घेणारं कपाट, पावसाळ्यात कधी कधी नुसताच आवाज करतो. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "कोटेशन मागव."

पहिलं पार्सल मेच्या तिसऱ्या आठवड्यात आलं. शनिवारी दुपारी अडीचला. शनिवारी आमचं ऑफिस एक वाजता बंद होतं. पार्सलवर थंड ठेवा असं छापलेलं होतं, पण गेटवर ते रजिस्टरच्या टेबलाखाली ठेवलं गेलं आणि सोमवारी सकाळी दहाला माझ्या हातात आलं. त्याआधी चार दिवस ते वाटेत होतं. थर्मोकोलच्या डब्यातली जेलची पाकिटं हाताला कोमट लागत होती. मुंबईचा मे. बाहेर चौतीस अंश, आणि दमट हवा तर काय, भिंतीसुद्धा घामाघूम होतात. भुकटी व्हायलच्या तळाला मोकळी सरकायला हवी होती, ती काचेला चिकटून बसली होती.

तेव्हाच मला थांबायला हवं होतं. पण रंग सुंदर पिवळा होता. थोडी भुकटी बफरमध्ये (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) विरघळवली, प्रकाश किती शोषला जातो ते मोजणाऱ्या स्पेक्ट्रोमध्ये लावली, ४५० नॅनोमीटरला छान डोंगर आला. आकडेमोड केली तर पाच मिलिग्रॅमपैकी पुरेसं फ्लेविन हजर होतं. कंपनीचं प्रमाणपत्र ९५ टक्के शुद्धता म्हणत होतं. मी पुढे गेले.

पुढचे तीन आठवडे मी सगळा दोष सोन्याला दिला.

आमचं सोनं झवेरी बाजारातलं. अर्ध्या मिलिमीटरची २४ कॅरेटची तार एका कारागिराकडून ओढून घेतली होती, काचेच्या नळीत बसवून इलेक्ट्रोड केले होते. त्यावर सिस्टामाइन, ज्याचा गंधक सोन्याला धरतो. त्यावर पीक्यूक्यू नावाचा छोटा रेणू, जो इलेक्ट्रॉनला मधला थांबा देतो. आणि त्याच्यावर आपलं अमिनोइथाइल-एफएडी. सगळं नीट बसलं असेल तर सीव्हीमध्ये, म्हणजे व्होल्टेज खालीवर फिरवून करंट मोजल्यावर येणाऱ्या आलेखात, शिखरांच्या दोन जोड्या दिसायला हव्यात: तुलनेसाठी ठेवलेल्या कॅलोमेल इलेक्ट्रोडच्या मानाने उणे ०.१३ व्होल्टच्या आसपास पीक्यूक्यूची आणि उणे अर्ध्या व्होल्टला एफएडीची. पीक्यूक्यूची जोडी दर वेळी यायची. एफएडीच्या जागी सपाट रेघ. मी तारा पुन्हा ॲल्युमिनावर घासल्या. गंधकाम्लात व्होल्टेजच्या पन्नास पन्नास फेऱ्या मारल्या, सोन्याच्या ऑक्साइडचं पीक, म्हणजे आलेखातलं शिखर, धारदार होईपर्यंत. एकदा तर झवेरी बाजारात परत जाऊन त्या कारागिराला विचारून आले की तारेत तांबं तर नाही ना. तो दुखावला, आणि त्याचं चुकलं नव्हतं.

उत्तर सापडलं ते लॅमिंग्टन रोडवरून आणलेल्या टॉर्चमुळे. नोटा तपासायचा साधा यूव्ही टॉर्च. दुसऱ्या कामासाठी घेतला होता. लॅबमधले दिवे बंद करून दोन क्युव्हेट (द्रावण मोजायच्या छोट्या पारदर्शक नळ्या) शेजारी ठेवले: एकात फ्रीजरमधलं साधं जुनं एफएडी, दुसऱ्यात नवीन व्हायलमधलं, दोन्हींचा ४५०चा आकडा सारखा केलेला. टॉर्च मारला. साधं एफएडी मंद, लिंबाच्या सरबताच्या तळासारखं. नवीन मात्र हिरवंगार पेटलं. आमचे लॅब अटेंडंट काका दारात उभे होते, ते म्हणाले, "ताई, हे काजव्यासारखं दिसतंय." मला तेव्हा आनंद झाला नाही. पोटात खड्डा पडला.

कारण चांगलं एफएडी फारसं चमकत नाही. ॲडेनिन वळून फ्लेविनच्या अंगावर येऊन बसतं आणि त्याची चमक दाबून टाकतं. मधला फॉस्फेटचा दुवा तुटला की फ्लेविनचा अर्धा भाग मोकळा होतो आणि चमक जवळपास दहापट वाढते. रंग मात्र तोच राहतो, पिवळा. म्हणून ४५०चा आकडा मला फसवत होता. प्रकाशाने बिघडलं असतं तर पिवळेपणा उतरला असता आणि मला लगेच कळलं असतं. ओल आणि उष्णता यांनी केलेलं नुकसान रंगात दिसत नाही. मिश्रणातले घटक वेगळे करून दाखवणाऱ्या टीएलसीच्या प्लेटवर लावलं तेव्हा एकाच्या जागी दोन ठिपके आले, आणि मोठा ठिपका नको असलेल्याचा होता.

यातली सगळ्यात वाईट गोष्ट मला त्या रात्री शेवटच्या डोंबिवली लोकलमध्ये लक्षात आली. मूठ कुठल्या बाजूला आहे? ॲडेनिनच्या. म्हणजे रेणू मधोमध तुटल्यावर मूठ त्या अर्ध्याकडे जाते ज्याच्यात इलेक्ट्रॉन वाहणारं काहीच नाही. आणि तो अर्धा इलेक्ट्रोडवर अगदी आनंदाने चिकटतो, कारण अमाइन त्याच्याकडे आहे. पातं नसलेली मूठ. मी तीन आठवडे माझ्या सोन्यावर पातं नसलेल्या मुठी ओळीने बसवत होते, आणि ज्याच्यात पातं होतं ते फ्लेविन धुण्याच्या पाण्याबरोबर बेसिनमध्ये जात होतं. हे मी वहीत लिहिलं तेव्हा गाडी दिवा स्टेशनच्या पुढे गेली होती.

कंपनीला सोमवारी सविस्तर मेल लिहिली. टॉर्चचा फोटो, टीएलसीचा फोटो, पार्सल कधी कुठे होतं त्याच्या तारखा. मला वाद अपेक्षित होता. त्यांच्या केमिस्टचा फोन दुसऱ्या दिवशी आला. त्यांनी आधी माझं ऐकून घेतलं, मग विचारलं की सॅम्पल परत पाठवू शकता का, त्यांना स्वतः बघायचं होतं. आठवड्याने त्यांनी मान्य केलं की माल तुटलेला आहे आणि नवीन बॅच बिनपैशांची देतो म्हणाले. एवढंच नाही, पाच मिलिग्रॅम एका व्हायलमध्ये न देता एकेक मिलिग्रॅमच्या पाच तपकिरी व्हायल, आर्गॉनखाली सील केलेल्या, पाठवल्या. ही सूचना त्यांचीच. एवढी सेवा मी मोठ्या कंपन्यांकडूनही अनुभवलेली नाही.

या वेळी मी कुरियरला लॅबचा पत्ता दिलाच नाही. कुरियरच्या अंधेरीच्या ऑफिसात माल आला की फोन करा म्हणून सांगितलं आणि स्वतः गेले. पाऊस तुफान होता. विरार-चर्चगेट लोकलच्या लेडीज डब्यात मांडीवर थर्मोकोलचा डबा, त्यातून कोरड्या बर्फाची वाफ येत होती. समोरच्या काकूंनी विचारलं, "मासे कुठून आणले गं, सातपाटीचे का?" मी त्यांना फॉइलमध्ये गुंडाळलेली व्हायल दाखवली आणि बी-कॉम्प्लेक्सची गोष्ट सांगितली. त्यांच्या नवऱ्यालाही साखर होती. दादर येईपर्यंत त्यांनी मला पट्ट्यांबद्दल इतके प्रश्न विचारले की पुढच्या सेमिनारची तयारी तिथेच झाली. उतरताना म्हणाल्या, "सांभाळून ने." मी सांभाळून नेली, टॅक्सीने.

दुसरा माल टॉर्चखाली मंद होता. टीएलसीवर एकच ठिपका. आणि तिसरी, सगळ्यात महत्त्वाची परीक्षा म्हणजे रिकाम्या एन्झाइमची. एन्झाइम रिकामं कसं करतात हे थोडं निवांत सांगते, कारण या सगळ्या कामात मला सगळ्यात जास्त आवडणारा भाग तो आहे.

एन्झाइम बर्फात ठेवायचं, त्यात ३० टक्के ग्लिसरॉल घालायचं आणि आम्लाने पीएच १.७ पर्यंत खाली आणायचा. इतक्या आंबट पाण्यात प्रथिनाची एफएडीवरची पकड सुटते. मग ते थंड खोलीत सेफाडेक्सच्या, म्हणजे सच्छिद्र दाण्यांनी भरलेल्या नळीच्या, कॉलमवर चढवायचं. मी स्वेटर घालून स्टूल ओढून समोर बसते, घड्याळ लावत नाही. सुरुवातीला एकच पिवळा पट्टा, हळदीच्या दुधाच्या रंगाचा, काचेच्या नळीत खाली सरकत असतो. प्रथिन मोठं, ते दाण्यांच्या छिद्रांत शिरत नाही आणि पुढे निघून जातं. एफएडी लहान, ते प्रत्येक दाण्यात डोकावत मागे राहतं. म्हणून पिवळा पट्टा अजून नळीच्या मध्यावर असताना खाली टोकाला थेंब पडायला लागतात ते पूर्ण रंगहीन असतात. त्या रंगहीन थेंबांत माझं एन्झाइम असतं. शंभर वेळा वाचलेलं असलं तरी पिवळ्या एन्झाइमचा रंग त्याच्यापासून वेगळा होऊन मागे राहिलेला डोळ्यांनी पाहणं वेगळं. ते थेंब लगेच थंड फॉस्फेट बफरमध्ये घ्यायचे, नाहीतर आम्लात प्रथिन मरतं. उरलंसुरलं एफएडी कोळशाने शोषून घ्यायचं.

या रिकाम्या एन्झाइममध्ये ग्लुकोज, पेरॉक्सिडेज आणि एबीटीएस (हायड्रोजन पेरॉक्साइड तयार झालं की रंग देणारी जोडी) घातलं तर काही होत नाही, पाणी पाण्यासारखंच. त्यात नवीन व्हायलमधलं अमिनोइथाइल-एफएडी घातलं, थोडा वेळ ठेवलं, आणि क्युव्हेट कडेपासून हिरवटनिळा होत गेला. पहिल्या व्हायलच्या मालाने असाच क्युव्हेट जेमतेम फिकट हिरवा झाला होता. व्हायल घेतल्यावर फक्त एकच परीक्षा करायची असेल तर ही करा. शुद्धतेच्या टक्क्यांपेक्षा एन्झाइमला ते आपलं वाटतंय का, हे जास्त महत्त्वाचं.

इलेक्ट्रोडवर दोन्ही जोड्या आल्या, उणे ०.१३ आणि उणे ०.५. मी मॅडमना बोलावून आणलं. रिकामं एन्झाइम त्यावर रात्रभर ठेवलं. दुसऱ्या दिवशी नायट्रोजन सोडून सेलमधली हवा घालवली, व्होल्टेज पक्कं धरलं आणि ग्लुकोजचे थेंब एकेक करून टाकले. स्क्रीनवर करंट पायरीपायरीने चढला. प्रत्येक थेंबाला एक पायरी, मधे सपाट. कुठलाही निरोप्या रेणू न घालता. मग मुद्दाम हवा सोडली. नेहमीच्या एन्झाइमच्या इलेक्ट्रोडवर ऑक्सिजन आला की इलेक्ट्रॉन तिकडे पळतात, इथे पायऱ्या फारशा खचल्या नाहीत. शेजारी ठेवलेला, तेच एन्झाइम नुसतं चिकटवलेला दुसरा इलेक्ट्रोड, त्याच्यावर ग्लुकोज टाकलं तरी रेघ हलली नाही.

हा दुसरा इलेक्ट्रोड प्रत्येकाने ठेवलाच पाहिजे, आणि हे मी कळकळीने सांगते. कार्बन नॅनोट्यूबवर वगैरे ग्लुकोज ऑक्सिडेज थेट इलेक्ट्रॉन देतं असे दावे करणारे पेपर ढिगाने आहेत. त्यात दिसणारं पीक बहुतेक वेळा एन्झाइममधून गळून इलेक्ट्रोडला चिकटलेल्या मोकळ्या एफएडीचं असतं. २०१८ मध्ये बार्टलेट आणि अल-लोलागे यांनी या दाव्यांची तपासणी करून ठामपणे लिहिलं की त्यांना पुरावा नाही. माझ्याकडेही उणे ०.५चं पीक एन्झाइम बसवण्याआधीच येत होतं! पीक दिसलं म्हणजे एफएडी आहे एवढंच. एन्झाइम काम करतंय हे फक्त ग्लुकोजचा करंट सांगतो. आपल्याकडे पोस्टर प्रेझेंटेशनला मुलं ते पीक दाखवून मोकळी होतात आणि परीक्षकही टाळ्या वाजवतात, हे थांबायला हवं.

आता तक्रारी. प्रमाणपत्रावर शुद्धता फक्त २६० नॅनोमीटरला मोजलेली असते. २६०ला ॲडेनिन दिसतं, म्हणजे पातं नसलेली मूठसुद्धा दिसते. ४५०चा क्रोमॅटोग्रामही (घटक वेगळे करून काढलेला आलेख) सोबत असायला हवा, दोन्ही एकमेकांशी जुळायला हवेत. मी मागितल्यावर दिला, न मागता द्यायला हवा. दुसरं, मालात कुठलं मीठ आहे ते लेबलवर नसतं. शुद्ध करताना अमोनियमचा बफर वापरला असेल आणि त्यातलं थोडं राहिलं असेल तर जोडणीच्या वेळी ते आपल्या अमाइनशी स्पर्धा करतं आणि इलेक्ट्रोड अर्धवट भरतो. तिसरं म्हणजे किंमत. छोट्या कॉलेजच्या लॅबला ती परवडणारी नाही, आणि हे दुःख आहे, कारण हा प्रयोग विद्यार्थ्यांनी एकदा तरी पाहावा असा आहे.

ज्यांना इतके पैसे घालायचे नाहीत त्यांच्यासाठी एक वाट आहे. साध्या एफएडीच्या ॲडेनोसिनमधल्या रायबोजवर दोन हायड्रॉक्सिल शेजारी शेजारी असतात, आणि फिनाइलबोरॉनिक आम्ल त्यांना पकडतं. इलेक्ट्रोडवर बोरॉनिक आम्ल बसवलं तर मूठ नसलेलं, बाजारात स्वस्त मिळणारं एफएडीही धरता येतं. विल्नर यांच्याच गटाने २००२ मध्ये हे केलं, एनएडी या दुसऱ्या सहायक रेणूवर चालणाऱ्या एन्झाइमांसाठीसुद्धा. माझी एक ज्युनियर सध्या हेच करते आहे. शिकायला सुरुवात तिथून करावी असं माझं मत झालंय. हात बसला की अमिनोइथाइल-एफएडी मागवावं.

मुंबईतल्या लोकांसाठी दोन गोष्टी पदरमोड करून शिकलेल्या. अमाइन जोडताना लागणारं ईडीसी हे रसायन पावसाळ्यात बाटली उघडताच ओल खेचतं आणि चिकट होतं. फ्रीजरमधून काढल्यावर बाटली डेसिकेटरमध्ये (ओल शोषणाऱ्या बंद भांड्यात) खोलीच्या तापमानाला येऊ द्या, अर्धा तास तरी, मगच झाकण उघडा. एफएडीच्या व्हायललाही हेच लागू. आणि जोडणीला ट्रिस बफर चुकूनही वापरू नका, त्याला स्वतःलाच अमाइन आहे, ते आपलं ईडीसी खाऊन टाकतं. हेपेस बफर घ्या.

बाबांनी पायऱ्यांचा तो आलेख घरी मोबाईलवर पाहिला. बीएसटीत, म्हणजे बेस्टमध्ये, तीस वर्षं तिकिटं फाडलेला माणूस. त्यांनी चष्मा वर करून प्रत्येक पायरी बोटाने मोजली. "ही माझ्या साखरेची?" "नाही बाबा, बाटलीतल्या ग्लुकोजची." "मग माझी कधी?" त्यांना मी खरं ते सांगितलं, की पट्टीपर्यंत हे यायला खूप अडथळे आहेत, स्वस्तात बनायला हवं, महिनोन्‌महिने डबीत टिकायला हवं, आणि माझा इलेक्ट्रोड फ्रीजमध्ये ठेवला तर काही दिवस टिकतो. त्यांनी मान हलवली आणि सकाळच्या टोचणीचं बोट मला दाखवलं. टोकाशी कातडी निबर झालेली, करंगळीशेजारचं बोट आता ते वापरत नाहीत. मी तो आलेख छापून वहीच्या पहिल्या पानावर चिकटवलाय.

पाचपैकी तीन व्हायल वापरल्या, दोन उणे वीसच्या फ्रीजरमध्ये फॉइलमध्ये गुंडाळून ठेवल्या आहेत, सिलिका जेलच्या डबीत. पुढची ऑर्डर जानेवारीत देणार आहे. परचेसच्या साहेबांना विचारून पीओमध्ये, म्हणजे खरेदीच्या ऑर्डरमध्ये, आता काही ओळी जास्तीच्या घालते: माल एकेक मिलिग्रॅमच्या तपकिरी, आर्गॉनखाली सील केलेल्या व्हायलमध्ये, क्रोमॅटोग्राम २६० आणि ४५० दोन्हीला, लेबलवर मीठ आणि उरलेलं पाणी किती ते, पाठवणी फक्त सोमवारी किंवा मंगळवारी, कोरड्या बर्फात, आणि उचलायला मी स्वतः येईन.